दारातल्या ठोंबरेकाकू

एका प्रामाणिक बाईला मी चोर ठरवलं, आणि तेही रंगीत ग्राफ काढून. २००७ सालच्या मे महिन्यात, मिशिगनमधल्या ट्रॉय गावात, एका देशी किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत, कणकेच्या पोत्यांवर लॅपटॉप ठेवून मी हे काम केलं. मला कोणी बोलावलं नव्हतं, कोणी त्याचे पैसे देणार नव्हतं आणि त्या विषयातलं मला काही कळत नव्हतं. या तिन्ही गोष्टी जुळून आल्या की माझ्या अंगात विलक्षण उत्साह संचारतो.

खोलीत आम्ही तिघं होतो. दुकानाचे मालक शिरीषदादा पोंक्षे ग्राफ बघून मान डोलावत होते. मीही माझ्याच ग्राफकडे बघून मान डोलावत होतो. तिसऱ्या ठोंबरेकाकू. त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांना लावला, पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा परत काढून ठेवला. बघण्यासारखं इथे काही नाही, हे इतक्या कमी कष्टांत सांगणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

काकू नागपूरच्या. तिथल्या एका सहकारी ग्राहक भांडारात त्यांनी बावीस वर्षं नोकरी केली. आधी काउंटरवर आणि शेवटची बारा वर्षं दारात. बाहेर पडणाऱ्याची पिशवी आणि हातातलं बिल ताडून पाहायचं, बिलाला टोचा मारायचा आणि मग माणसाला सोडायचं. यजमान गेल्यावर मुलाने इकडे आणलं. मुलगा मोटारीच्या कंपनीत, सून बँकेत. दोन महिने काकूंनी खिडकीतून बर्फ पाहिला. तिसऱ्या महिन्यात, मी काही शोकेसमधली बाहुली नाही, असं मुलाला सुनावून त्या शिरीषदादांच्या दुकानात आल्या. नोकरी मागितली असं म्हणता येणार नाही. येऊन बसल्या. दाराला लागून एक निळा ड्रम उलटा घातलेला, त्यावर घरून आणलेली उशी. साडीवर दुकानाचं नाव छापलेलं लोकरी जॅकेट, गळ्यात दोरीने लोंबणारा चष्मा, मनगटावर चार-पाच रबरबँड. महिनाभराने शिरीषदादांनी त्यांचा पगार सुरू केला, कारण तोपर्यंत त्यांना उठवायचं धैर्य कोणात उरलं नव्हतं.

माणसाच्या तोंडाकडे काकू सहसा बघत नसत. बोलतानासुद्धा नजर समोरच्याच्या हातांवर. नव्या कॅशियरला पहिल्या दिवशी सांगायच्या, "तोंड देवाला दाखव, मला हात दाखव." त्यामुळे त्यांच्याशी गप्पा मारताना मी नकळत हात खिशात घालायचो आणि उगाचच संशयास्पद दिसायचो.

शिरीषदादा मूळचे पुण्याचे. वीस वर्षं मोटारींचे ब्रेक डिझाइन केले, मग कंपनीने दिलेलं पॅकेज घेऊन हे दुकान टाकलं. स्वतःला रोखता येत नसे, म्हणून ब्रेकचं काम त्यांना मानवलं असावं, असं माझी बायको म्हणे. विमानतळावर मिळतात तसली मॅनेजमेंटची पुस्तकं ते वाचत आणि सोमवारी सकाळी स्टाफला सांगत, "वी आर अ फॅमिली." काकूंनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तूरडाळीच्या पुड्यांना रबरबँड लावता लावता म्हणाल्या, फॅमिलीतच जास्त जातं.

आणि जात होतंच. महिनाअखेरीला माल कमी भरायचा. शिरीषदादांनी त्यावर पहिला इलाज केला तो कॅमेऱ्यांचा. खोटे कॅमेरे. आत काहीच नाही, बाहेर एक लाल दिवा लुकलुकतो. तीन कॅमेरे छताला लावून ते आठवडाभर छाती काढून फिरले. मग एका रविवारी एका सात वर्षांच्या मुलीने वर बघत, भरल्या दुकानात आईला सांगितलं, "मॉम, इट्स फेक. देअर्स नो वायर." काकूंनी ड्रमवरूनच तिला जवळ बोलावलं आणि एक चिक्की दिली. शिरीषदादांना त्या एवढंच म्हणाल्या, की पोरीला ठेवून घ्या, कॅमेरे परत करा.

काकूंचे स्वतःचे इलाज कमालीचे बिनपैशाचे होते. कॅशियरच्या अ‍ॅप्रनचे खिसे त्यांनी एका दुपारी सुईदोऱ्याने शिवून टाकले. गल्ल्याचा ड्रॉवर बंद झाल्याशिवाय पुढच्या गिऱ्हाइकाच्या वस्तूला हात लावायचा नाही. सुटे परत देताना आकडा मोठ्याने बोलायचा. आणि आपल्या माणसाचं बिल आपण करायचं नाही. या शेवटच्या नियमाला सगळे हसले, मी सर्वांत मोठ्याने. ट्रॉयमधल्या मराठी वस्तीत कोण कोणाचं नाही? एकाची वहिनी दुसऱ्याची मामेबहीण, तिसरा चौथ्याचा रूममेट. काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणूनच तर सांगून राहिली नं."

त्यांची सर्वांत गाजलेली युक्ती समोशाची. काकूंचं म्हणणं असं, की रोख देणारं गिऱ्हाईक बिल न घेता गेलं, की कॅशियरला ती विक्री मशीनमध्ये मारायची गरजच राहत नाही. पैसे ड्रॉवरमध्ये, नोंद कुठेच नाही. तेव्हा गिऱ्हाइकानेच बिल मागायला हवं, आणि आपला माणूस फुकट मिळाल्याशिवाय काही मागत नाही. झालं, काउंटरवर पाटी लागली: 'बिल मिळालं नाही तर एक समोसा फुकट.'

पहिल्या आठवड्यात दुकानाचं दिवाळं निघायची पाळी आली. चांगले शिकले-सवरलेले लोक, ज्यांच्या गाडीच्या सीटासुद्धा हिवाळ्यात गरम होतात, ते बिल मोज्यात खुपसून समोसा मागू लागले. एका पीएचडीवाल्याने एका दिवसात तीनदा बिल न मिळाल्याची तक्रार केली. शिरीषदादा पाटी काढायला निघाले. काकूंनी पाटी तशीच ठेवली आणि खाली एक ओळ वाढवली: 'इथेच, उभ्याने, ठोंबरेकाकूंसमोर खावा लागेल.' समोसा कालचा असायचा. काकू खाणाऱ्याच्या हातांकडे एकटक बघायच्या. पीएचडीवाला दुसऱ्या घासालाच म्हणाला की अरे, बिल सापडलं. त्यानंतर लोक निमूट बिल मागून घेऊ लागले.

आता माझ्याकडे यायला हवं. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

अविनाश हा माझा सांगलीच्या कॉलेजातला मित्र. इकडे त्याचं कुठे बस्तान बसेना, तेव्हा मीच शिरीषदादांकडे शब्द टाकून त्याला कॅशियर म्हणून लावलं होतं. गोड बोलणारा, हात चटचट चालणारा. मी कायम त्याच्याच रांगेत उभा राहायचो. त्या वर्षी वर्ल्डकपात आपण पहिल्याच फेरीत घरी आलो, त्याचं दुःख आम्ही दोघं त्या काउंटरवर दोन महिने वाटून घेत होतो. तो बोलायचा, मशीन बीप बीप करायचं, मी कार्ड द्यायचो. घरी जाऊन बायकोला सांगायचो, बघ, एवढं सामान एवढ्यात. खरेदी कशी करावी लागते ते तुला अजून कळत नाही. महाराष्ट्र मंडळाच्या एका शनिवारी मी 'घरखर्चावर नियंत्रण' या विषयावर वीस मिनिटं बोललोही होतो. टाळ्या पडल्या होत्या.

दुसऱ्या काउंटरवर रेखा. शांत, भिडस्त बाई. तिच्या नवऱ्याला गाडीचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीतून लेऑफ मिळून पाच महिने झाले होते. घराचा हप्ता आणि दोन मुलं तिच्या या पगारावर चालली होती. हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी जे केलं ते केलं.

शिरीषदादा एकदा चोरीचं रडगाणं गात होते, तेव्हा मी म्हणालो, डेटा द्या मला. मग इंटरनेटवर दोन लेख वाचले आणि एका वीकेंडला प्रोग्रॅम लिहिला. लेखात म्हटलं होतं, की चोर कॅशियर मारलेल्या वस्तू रद्द फार करतो. गिऱ्हाईक गेलं की वस्तू रद्द करायची, पैसे काढून घ्यायचे. या रद्द करण्याला व्हॉइड म्हणतात. मी प्रत्येक कॅशियरचे व्हॉइड मोजले. रेखाचा खांब ग्राफमध्ये लालभडक, वर पार शीर्षकाला टेकलेला. अविनाशचा खांब नव्हताच. शून्य. शिवाय त्याचा गल्ला रोज सेंटला सेंट जुळायचा. मी त्याच्या नावापुढे हिरवा तारा काढला आणि खाली लिहिलं, 'आदर्श'.

तर त्या मागच्या खोलीत चष्मा काढून ठेवल्यावर काकूंनी मला एकच प्रश्न विचारला. "इंजिनिअर, जे मशीनमध्ये मारलंच नाही, ते तुझ्या या चित्रात कुठं दिसते?"

मी म्हणालो, ते डेटात नसतं काकू.

"मंग?"

मी शिरीषदादांकडे बघून हसलो. म्हाताऱ्या माणसांना समजावतात त्या सुरात काकूंना पाच मिनिटं स्टॅटिस्टिक्स समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या हातांकडे बघत राहिल्या.

शिरीषदादांना पुस्तकात वाचलेला 'कठोर निर्णय' घ्यायची संधी आयती चालून आली होती. त्यांनी रेखाला त्याच दुपारी काउंटरवरून काढून मागे डाळी भरायला बसवलं. शनिवारपर्यंत हिशेब करून मोकळं करू म्हणाले. मग स्वतःच्या बायकोला विश्वासात घेऊन सांगितलं, बायकोने तीन मैत्रिणींना विश्वासात घेतलं, आणि गुरुवारच्या एका हळदीकुंकवाला रेखा शेजारी बसली तेव्हा एका बाईने आपली पर्स उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती. ट्रॉयमध्ये असं नाव लागलं की ते त्या माणसाच्या मुलांच्या लग्नापर्यंत पुरतं.

काकू शिरीषदादांना जाऊन म्हणाल्या, रेखाला काढाल त्या दिवशी हा ड्रमही उचला, मी येणार नाही. पण शनिवार संध्याकाळपर्यंत थांबा. शिरीषदादा थांबले. न्यायबुद्धी वगैरे काही नाही, काकू गेल्या तर समोशाचं कोण बघणार, ही भीती.

शनिवारी दुपारी मी नेहमीसारखा खरेदीला गेलो. सल्लागाराच्या थाटातच गेलो. त्या वर्षी अमेरिकेत भारतातून हापूस पहिल्यांदाच आला होता. पेटीची किंमत ऐकून लोक पेटीचा नुसता वास घेऊन जात. मी पेटी घेतली. तूप, बासमती, काजू, काय काय घेतलं आणि अविनाशच्या रांगेत उभा राहिलो. बीप बीप झालं, धोनीला शिव्या घालून झाल्या, कार्ड फिरलं. दारापाशी आलो तर काकू ड्रमवरून उतरून उभ्या होत्या.

"बिल दे. पिशव्या खाली ठेव."

मी हसत दिल्या. इथे आजवर त्यांनी कोणाची पिशवी उघडली नव्हती; माझ्यापासून त्या सुरुवात करताहेत, म्हणजे इतरांना उदाहरण घालून देताहेत, अशी माझी समजूत. काकूंनी एकेक वस्तू बाहेर काढून तांदळाच्या पोत्यांवर मांडली आणि मोठ्याने मोजली. सतरा. मग बिल डोळ्यांजवळ धरून वाचलं. तेरा. तुपाची बरणी बिलात नव्हती. काजू नव्हते. बासमतीची थैली नव्हती. केशराची डबी नव्हती. हापूसची पेटी होती, पण बिलावर तिचं नाव कोथिंबीर असं होतं.

मागे सहा-सात माणसं थांबली होती. समोसेवाला पीएचडीही होता. त्याने तर टाचा उंचावल्या.

मी म्हणालो, "काकू, मला वाटलं सेल असेल."

"किती महिने सेल होता तुझा?"

मला मागच्या सगळ्या शनिवारी भरलेल्या पिशव्या आठवू लागल्या. ज्या चोरीचा मी ग्राफ काढला, तिच्यातला कितीतरी माल माझ्याच घरी शिजला होता. मी ढेकर दिले होते. त्यावर भाषण दिलं होतं.

काकू तिथे थांबल्या नाहीत. सरळ अविनाशच्या काउंटरशी गेल्या. मशीनच्या कडेला एका बशीत लवंगा ठेवलेल्या असायच्या. मी अनेकदा पाहिल्या होत्या, एकदा एक उचलून तोंडातही टाकली होती, तेव्हा अविनाशचा चेहरा किंचित पडला होता. मित्राला नुसती लवंग खावी लागली म्हणून ओशाळला असेल, असं मला वाटलं होतं.

"लवंगा कशाला रे?" काकूंनी विचारलं.

"खोकला आहे काकू."

"दहा महिन्यांत तू एकदा खोकलला नाहीस. सकाळी बशी रिकामी असते. आता नऊ आहेत. पोंक्षे, गल्ला उघडा अन् मशीनच्या आकड्याशी ताडून पहा. पंचेचाळीस डॉलर जास्त भरतील."

शिरीषदादांनी दोनदा मोजलं. पंचेचाळीस जास्त. अनोळखी माणसाने रोख दिले की अविनाश वस्तू मशीनमध्ये मारायचाच नाही, पाच डॉलर जमले की बशीत एक लवंग टाकायचा. शिवलेल्या खिशांचं त्याला काहीच वाटत नसे, पैसे ड्रॉवरमध्येच सुखात असत. शिफ्ट संपली, मागे बसून गल्ला लावायची वेळ आली, की लवंगा मोजून तेवढे काढून घ्यायचे. म्हणून गल्ला रोज सेंटला सेंट जुळायचा. एखाद्या दिवशी तो पाच डॉलर जास्त भरला असेल तर ती लवंग मी खाल्ली असणार. आणि मला जे फुकट मिळत होतं ते मैत्रीचं नव्हतं. मी त्याला नोकरीला लावलं होतं आणि आता प्रोग्रॅमही लिहीत होतो. मला खूश ठेवणं हा त्याचा खर्च होता.

अविनाशने काही वाद घातला नाही. अ‍ॅप्रन काढला, नीट घडी घालून काउंटरवर ठेवला आणि माझ्याजवळून जाताना म्हणाला, "सॉरी यार." मी त्याला "इट्स ओके" म्हणालो. सवयीने.

नंतर मागच्या खोलीत काकूंनी सगळं उलगडून सांगितलं. रेखाच्या काउंटरवर भारतातून आलेले आईवडील आणि काटकसरी बायका जायच्या, कारण ती कंटाळा करत नाही. त्या आधी सगळं मारायला लावतात, मग किती झालं विचारतात, मग जिऱ्याची पुडी परत ठेवतात, मग गूळ परत ठेवतात. प्रत्येक वेळी रेखा इमानदारीत मशीनवर रद्द करते. तिचे व्हॉइड म्हणजे आपल्या लोकांचा स्वभाव होता. "अन् ज्याचा गल्ला रोज जुळते तो माणूस बावीस वर्षांत मी पाहिला नाही," काकू म्हणाल्या. "माणूस असला की दोन-चार रुपये चुकतेच."

शिरीषदादा हे सगळं गंभीरपणे ऐकत होते. शेवटी माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, की प्रोग्रॅममध्ये लवंगांचा एक कॉलम टाकता येईल का.

रेखाला त्यांनी त्याच संध्याकाळी पुन्हा काउंटरवर बसवलं. ती हाताला लागलेलं बेसन पुसत बाहेर आली आणि मशीन सुरू केलं. पर्स बाजूला घेणारी बाई पुढच्या आठवड्यात तिच्याच रांगेत उभी राहून फार प्रेमाने मुलांची चौकशी करत होती. मी माफी मागायला गेलो, तेव्हा रेखा "ठीक आहे" म्हणाली, पण त्या दिवसापासून माझी प्रत्येक वस्तू ती मोठ्याने नाव घेऊन मारायची. हिंग, एक. पोहे, दोन. सगळं दुकान ऐकायचं. मागच्या सगळ्या महिन्यांचा अंदाज काढून मी शिरीषदादांना चेक दिला. माझा अंदाज बायकोने तपासला आणि दुप्पट केला.

२००८च्या मार्चमध्ये काकू कायमच्या नागपूरला जायला निघाल्या. मुलाचं मन मोडवत नव्हतं, पण इथलं ऊन खोटं वाटते म्हणाल्या. दुकानातला त्यांचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. काउंटरांची सगळी जबाबदारी आता रेखाकडे होती आणि काकू तिला किल्ल्यांचा जुडगा एकेक किल्ली दाखवत समजावत होत्या. मी निरोप घ्यायला गेलो आणि आलोच आहे तर म्हणून महिन्याचा किराणा भरला. काकूंना सांगितलं, की मी प्रोग्रॅम सुधारला आहे. आता ज्याचे व्हॉइड कमी, त्याच्यावर संशय. त्या म्हणाल्या, म्हणजे उद्यापासून चोर मुद्दाम चार व्हॉइड करतील. मी म्हणालो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी जुडग्यातली पुढची किल्ली रेखाला दाखवली.

रेखाने माझं सामान मोठ्याने मोजलं, मी पैसे दिले, बिल न मागता मिळालं. मी वाकून काकूंच्या पाया पडलो. त्यांनी आशीर्वाद दिला. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले होते, आणि त्याच अवस्थेत मी सामानाची गाडी ढकलत दाराकडे निघालो. काकूंनी एक पाय पुढे करून चाक अडवलं. गाडीच्या खालच्या फळीवर वीस पौंडांचं तांदळाचं पोतं होतं. मीच ठेवलं होतं, वर उचलायचा कंटाळा म्हणून. बिलात ते नव्हतं. मी शपथेवर सांगतो की विसरलो होतो.

काकूंनी पोत्याकडे पाहिलं, मग आयुष्यात पहिल्यांदाच नीट माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मागे वळून म्हणाल्या, "रेखा, हा आला की खाली वाकून बघत जा. याच्यापेक्षा चोर परवडला. आपण काय नेऊन राहिलो ते त्याला माहीत तरी असते."